मधल्या कप्प्यातलं पदक

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या अप्पांना जुन्या फ्रेंच लष्करी पदकांचा भारी नाद. दुकानामागच्या खोलीत काचेच्या कपाटात मखमलीवर सगळी मांडलेली: पांढऱ्या मिन्याचा पाच पाकळ्यांचा तारा, हिरव्या फितीवर लाल रेघांचा युद्धक्रॉस. तळहाताच्या फोडासारखी जपायचे. पुसायलासुद्धा कुणाला हात लावू देत नसत.

त्यांची लेक सैन्यात जखमींची गाडी चालवायची. आघाडीवरून परतली ती शौर्यपदक घेऊन. घरात शिरताच तिने ते किल्ल्यांसोबत टेबलावर टाकलं आणि जाऊन झोपली. अप्पांनी तिला न विचारताच ते कपाटाच्या मधल्या कप्प्यात लावलं आणि रविवारी संग्राहक मित्रांना चहाला बोलावलं.

त्यांत कर्नलही आले. जन्मभर विमा विकलेला माणूस, पण मिशांमुळे कर्नल.

"किती जणांना वाचवलंस, बेटा?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"तिघांना. चौथा ढिगाऱ्याखाली अडकला होता. जिवंत होता, हाका मारत होता. मी गाडी घेऊन निघाले."



"युद्धात असं व्हायचंच," कर्नल म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. दार लागताच अप्पा उसळले, "चारचौघांत बोलायची गोष्ट होती का ही?"

"एकट्यात तुम्ही कधी विचारलंत?"

अप्पा कपबशा गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाट उघडून पदक काढलं. "त्या चौथ्याच्या आईला देऊन येते."

"थांब," अप्पा म्हणाले. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघाले.

त्याची आई शिवणकाम करायची. कपड्यांच्या ढिगातून वाट काढत तिने दोघांना बसवलं. लेकीने सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. बाईने पदक उलटसुलट करून पाहिलं आणि परत तिच्याच हातात ठेवलं.

"हे तुझं तुला. मला एवढंच सांग, तो हाक कुणाला मारत होता?"

'आईला' म्हण पोरी, अप्पांना वाटलं, एवढं एक खोटं बोल.

"मला," लेक म्हणाली. "माझं नाव घेऊन."

बाईने मांडीवरच्या कापडाची कड दुमडली. मग म्हणाली, "आता जा तुम्ही."

जिन्यात लेक पायरीवर बसली आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच रडली, तोंडात ओढणी कोंबून. अप्पा शेजारी टेकले. पाठीवरून हात फिरवावा की नाही, तेही त्यांना कळेना. शेवटी फिरवला.

वरचं दार उघडलं. बाई कठड्याशी उभी होती.

"पुन्हा ये," ती म्हणाली. "आज नको. पण ये."