दरीकडच्या खिडकीची खोली

मित्रांनो, अमरावतीच्या राजापेठेत बॅगा दुरुस्त करणारं एक लहानसं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर, विटक्या चादरीखाली मी पडून असते. मी एक जुनी सुटकेस आहे. अंगावर तपकिरी रेक्झिन, दोन पितळी कड्या, आणि झाकणावर मधोमध एक खोल पोचा. हा पोचा कसा पडला हे मला कुणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगते. तसा स्वतःबद्दल बोलायचा मला कंटाळा कधीच नव्हता.

माझा जन्म अकोल्याचा. अब्दुल सत्तार तेव्हा तिथं एका कारागिराच्या हाताखाली काम करायचे. स्वतःचं लग्न ठरलं तसं त्यांनी मला मन लावून घडवलं आणि आत फुलाफुलांचं अस्तर लावलं. लग्नानंतर ते आणि बिल्कीस मला घेऊन चिखलदऱ्याला गेले. परतताना बिल्कीसनं तिथल्या मळ्यातली कॉफी घेतली. ती पुडी घाटात फुटली आणि तिचा वास माझ्या अस्तरात जो बसला, तो आजतागायत गेलेला नाही.

पुढे दोघं राजापेठेत आले आणि त्यांनी हे दुकान टाकलं. त्या काळी चांगली सुटकेस घरोघरी नसायची. मोहल्ल्यात, बाजारात कुणाचं लग्न झालं की नवरानवरी मला मागायला येत. बिल्कीस कधी नाही म्हणायची नाही, पण तिची एक अट होती. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही ना, तशी मीही रिकामी परत यायची नाही. जिथं जाल तिथलं काहीतरी, मूठभर का होईना, आत ठेवायचं. मग कुणी गोव्याचे काजू ठेवी, कुणी पचमढीचा मध. पुढचं जोडपं यायचं, झाकण उघडून हुंगायचं आणि कुठं जायचं यावरून तिथंच भांडायला लागायचं. तिला समुद्र हवा असायचा आणि त्याला सुट्टी मिळालेली असायची दोनच दिवसांची.

शेवटी निवाडा बिल्कीसच करायची. ती स्वतः एकदाच फिरायला गेलेली, पण सल्ला जगभर फिरून आल्यासारखा. "स्टँडजवळ खोली घेऊ नका, रातभर एसटी घुरघुरते. गरम पानी मिलता क्या, ते पहिले ईचारा." आणि चिखलदऱ्याला जाणाऱ्यांना तर ती हमखास सांगायची, "वरची खोली मांगा. दरीकडच्या खिडकीची. सकाळी ढग आत येते." तिचं ऐकून गेलेली माणसं हसतमुखानं परत यायची आणि माझी छाती फुगायची.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. सालोसाल पीक हातचं जात होतं. गावागावांतून एकेक बातमी यायची आणि दुकानात आलेलं गिऱ्हाईक ती हळू आवाजात सांगायचं. लग्नं कशीबशी उरकली जात होती, फिरायला जायचं नाव कोण काढणार? मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. खरं सांगते, मला त्या दिवसांत लोकांचा राग यायचा. त्यांच्यावर काय गुदरतंय हे माळ्यावरून मला कुठं दिसत होतं?

दुकानासमोर रागिणी फुलं विकायला बसायची. ती भातकुलीची. तिचा नवरा चंदन गावी झेंडू आणि शेवंती लावायचा. एका दुपारी ती दुकानात आली आणि बिल्कीसला म्हणाली, "भाभी, तुमची ते सुटकेस हाय का अजून?"

"हाय ना. कोनाचं लगन हाय?"

"लगन नाई. आमीच जातो म्हटलं, दोघं."

बिल्कीस हसणार होती, पण रागिणीचा चेहरा पाहून थांबली. मग रागिणीनं सांगितलं. चंदनचा जिवाभावाचा मित्र सहदेव, तीन घरं सोडून राहणारा. त्याचा कापूस आणि चंदनची फुलं कितीदा एकाच टेम्पोत गेलेली. दिवाळीनंतर एका पहाटे सहदेवनं जीव दिला. त्याच्यासाठी हार चंदननं आपल्याच झेंडूचा केला आणि तेव्हापासून तो बोलेनासा झाला.

"जेवते, कामबी करते. पन बोलत नाई भाभी. मी रोज त्याईच्या मागंमागं मळ्यात जातो. मले भेव वाटते."

बिल्कीसनं मला खाली काढून पुसलं. रागिणीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि लग्नापासून नुसतं ऐकलेल्या, कधीच न पाहिलेल्या त्या गावाचं नाव घेतलं. चिखलदरा. बिल्कीसनंही सवयीनं आपला सल्ला दिला, "वरची खोली घेजो. दरीकडच्या खिडकीची."

भातकुलीला घरात मला पाहून चंदननं मान वर केली. रागिणी म्हणाली, "दोन दिवस चिखलदऱ्याले जाऊन येऊ." तो भरल्या ताटावरून उठला आणि मळ्यात निघून गेला. तिला वाटलं, लोकांना लाजतोय. सासूलाही तसंच वाटलं. माणिकबाई महानुभाव पंथाच्या, शब्दाला कडक. त्या म्हणाल्या, "गावात सुतक असल्यावानी हाय. अन् तुमी हिंडाले गेले त लोक तोंडात शेन घालतीन. रिद्धपूरले जातो म्हना. देवाच्या दारी गेलं त कोनी बोट दाखवत नाई. खरंच जा, अन् माहा दंडवत सांगजा."

चंदन देवाला जायला तयार झाला. माणिकबाईंनी भाकरी बांधून दिल्या. पण अमरावतीच्या स्टँडवर रागिणीनं त्याचा हात धरला आणि त्याला चिखलदऱ्याच्या गाडीत बसवलं. पाटी वाचून तो क्षणभर अडखळला, पण मागं फिरला नाही. तिला हायसं वाटलं. मला वाटलं नाही. माझी मूठ त्यानं घाटभर आवळून धरली होती.

लॉजच्या मॅनेजरनं वरची खोली उघडून दिली. बिल्कीसनं सांगितली होती तशीच. खिडकीला गज नव्हते. खाली दरी, इतकी खोल की झाडं गवतासारखी दिसत होती. रागिणी कौतुकानं "अवो, पाहा ना" म्हणाली आणि चंदन खिडकीशी गेला. दोन्ही हात चौकटीवर ठेवून तो खाली पाहत उभा राहिला. समोरच्या डोंगराकडे नाही, आभाळाकडे नाही, नुसता खाली. मोठ्या हौसेनं आपण त्याला कुठं आणून उभं केलंय, हे रागिणीला तेव्हा कळलं.

तिनं एका हातानं मला उचललं, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि ती जिना उतरली. तो मागोमाग आला. मॅनेजरला तिनं खोली बदलून मागितली.

"वहिनी, त्या खोलीसाठी लोक भांडते. तुमी काहून बदलून राहिल्या?"

"मले थंडी वाजते."

त्यानं खांदे उडवून खालची, स्वयंपाकघरामागची खोली दिली. तिची खिडकी उघडली की समोर भिंत आणि सरपणाचा ढीग. इतकी वाईट खोली मी कधी पाहिली नव्हती. रागिणीनं समाधानानं श्वास सोडला.

दिवस कलायला आला तसा चंदन म्हणाला, "मी जरा फिरून येतो."

तिनं मला दारात आडवं टाकलं आणि माझ्यावर बसली.

"उठ वं."

"नाई उठत."

"रागिणी, उठ."

ती उठली नाही. उलट पाय घट्ट रोवून आणखी दाबून बसली. माझ्या झाकणाची फळी कडकड करत आत गेली आणि एक कडी तुटून उडाली. मला दुखलं, पण मीही हलले नाही. चंदननं तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या त्या भिंतीकडे पाहिलं. हळूहळू त्याला उमगलं.

"तुले वाटलं, मीबी..."

ती रडायला लागली. तो तिच्यासमोर फरशीवर बसला आणि बोलायला लागला.

"आदल्या दिवशी सहदेवनं मले ईचारलं होतं. म्हने, चंदन, चाल, चिखलदऱ्याले जाऊन येऊ. तू, मी, बायकापोरं. मी हासलो. म्हटलं, येडा झाला का लेका, कापूस येचाच्या दिवसात कोनी हिंडाले जाते काय? तोबी हासला अन् घरी गेला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तू चिखलदरा म्हटलं, तं मले वाटलं तोच बोलून राहिला."

"तुमाले काय मालूम होतं?"

"ईचारलं असतं त मालूम झालं असतं."

एकदा तोंड उघडल्यावर तो बोलत राहिला. सहदेवबद्दल, त्या हाराबद्दल, झेंडू तोडताना हात कसे चालत नाहीत त्याबद्दल. ती त्याच्या शेजारी खाली बसून ऐकत होती. माणिकबाईंच्या भाकरी दोघांनी त्याच फरशीवर खाल्ल्या. सकाळी कोणतीही जागा न पाहता त्यांनी परतीची गाडी धरली. फक्त गाडी सुटायच्या आत चंदन स्टँडवर खाली उतरला आणि कॉफीची पुडी घेऊन आला. भाभीची सुटकेस रिकामी कशी द्यायची, एवढं त्याच्या लक्षात होतं.

भातकुलीला माणिकबाईंनी मला उघडलं आणि वास घेतला. रागिणी मान खाली घालून उभी होती.

"रिद्धपूरले कॉफी कधीपासून भेटाले लागली वं?"

रागिणीनं पुडी उचलून पदराआड धरली.

माणिकबाईंनी दाराबाहेर पाहिलं. चंदन अंगणात सहदेवच्या घराकडे तोंड करून बसला होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"बोलला काय तो?"

"हाव. लय बोलला."

म्हाताऱ्या बाईनं डोळ्यांना पदर लावला. "मंग पोचला माहा दंडवत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझं झाकण लावून घेतलं.

सत्तारभाईंनी मला नवी कडी बसवली. पोचाही ते ठोकून काढणार होते, पण रागिणीकडून सगळं ऐकलेली बिल्कीस म्हणाली, "रहने दो." आता कुणी चिखलदऱ्याचा सल्ला विचारला की ती खिडकीचं नाव काढत नाही. आधी समोरच्या दोघांचे चेहरे बघते आणि मग बोलते. चंदन अजून कधी कधी गप्प होतो. रागिणी अजून त्याच्या मागंमागं मळ्यात जाते.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी कुणी असेल तर तिची धूळ झटका, तिला थोडं ऊन दाखवा. एवढंच मागून मी थांबले असते. पण त्या खोलीत जे ऐकलं, त्यानंतर माझं मागणं बदललं आहे. भर कामाच्या दिवसांत तुमच्याजवळचं कुणी म्हणालं की चल, कुठंतरी जाऊन येऊ, तर हसण्यावारी नेऊ नका. जाता आलं नाही तर राहू द्या. पण त्याला खाली बसवा आणि काहून म्हणून विचारा.