शेवटच्या शनिवारची बादली

गाडी चालवता चालवता व्हर्लिन आसगार्ड 'नाही' म्हणायचा सराव करत होता. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना बर्फाखाली झोपलेली शेतं आणि ऐकायला कुणी नाही, त्यामुळे जमत होतं. माणसांसमोर हा शब्द त्यानं आजवर वापरलेला नव्हता. मिनेसोटात तो फारसा कुणीच वापरत नाही. कुत्र्याला म्हणतात, तेही हळूच.

डिकीत बादली होती. जस्ताची, जुनी, दूध काढायची, एका अंगाला पोचा आलेली. व्हर्लिन सेंट सिग्रिड कॉलेजचा क्रीडा संचालक. नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की विनमार कॉलेज. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी दोघांचे फुटबॉल संघ एकमेकांना भिडत आणि जिंकेल त्याच्याकडे वर्षभर बादली राही. विद्यार्थी असताना व्हर्लिन स्वतः तिच्यासाठी खेळला होता आणि त्यात त्याचा एक दात गेला होता. पुढे मुलाच्या बाप्तिस्म्याचं पाणीही त्यानं तिच्यातूनच नेलं. पाद्रीबुवांना ते पसंत नव्हतं, पण तेही मिनेसोटाचेच.

आता तो शनिवार जाणार होता. आठ कॉलेजांच्या क्रीडा परिषदेला शिकागोच्या एका सल्लागारानं सांगितलं होतं, की जो वाढत नाही तो आटतो. म्हणून पश्चिम टेक्ससमधली दोन कॉलेजं आत घ्यायचं घाटत होतं. दहा संघ झाले की पाच-पाचचे दोन गट. सल्लागारानं नकाशावर रेघ मारली ती नेमकी नदीवरून. अलीकडचे टेक्ससबरोबर, पलीकडचे निराळे. म्हणजे समोरच्या काठाशी खेळायचं सोडून सेंट सिग्रिडच्या मुलांनी त्या शनिवारी बाराशे मैल उडत जायचं. एकानं जरी विरोध केला तरी प्रस्ताव बारगळणार होता, असा परिषदेचा नियम होता. नियम करणाऱ्यांना आपली माणसं ठाऊक असावीत.

बैठक विनमारच्या भोजनगृहात होती. बादली आत न्यावी, टेबलावर ठेवावी आणि मग बोलावं, असा व्हर्लिनचा बेत होता. पण दारात आल्यावर वाटलं, हे जरा मिरवल्यासारखं दिसेल. बादली डिकीतच राहिली. बायकोनं, मेविसनं, दिलेल्या लिंबाच्या वड्यांचा काचेचा ट्रे तेवढा त्यानं आत नेला.

टेक्ससच्या दोन्ही कॉलेजांतर्फे क्लेटन बॉड्री नावाचे गृहस्थ आले होते. उंच, टोपीवाले, मोकळे. जेवण झाल्यावर ट्रेमध्ये एकच वडी उरली. शेवटचा घास कुणी उचलायचा नाही, या रिवाजाप्रमाणे कुणीतरी तिची अर्धी कापून घेतली, मग दुसऱ्यानं त्या अर्ध्यातली अर्धी. उरलेल्या तुकड्याकडे आठ कॉलेजं बघत बसली.

"हे कुणी खात नाहीये का?" क्लेटननं विचारलं आणि तोंडात टाकला.

शांतता पसरली. क्लेटनला ती आदराची वाटली.

"तर आता," अध्यक्ष लोर्नाबाई म्हणाल्या, "ज्याला जे वाटतं ते बोला. मनात ठेवू नका."

सगळ्यांनी मनात ठेवलं. शेवटी एक प्राचार्य म्हणाले, "टेक्ससची हवा कोरडी असते म्हणतात. सांध्यांना बरी."

"मुलांना विमानात बसायला मिळेल," दुसऱ्या म्हणाल्या. सुरात सुतक होतं.

विनमारचा क्रीडा संचालक डुएन केटेलकँप, व्हर्लिनचा शाळेपासूनचा मित्र, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "विचार करण्यासारखं आहे."

मग सगळ्यांनी व्हर्लिनकडे पाहिलं. घसा गाडीत चांगला चालला होता.

"रस्ता," तो म्हणाला, "जरा लांबचा पडेल."

दोघातिघांनी माना खाली घातल्या. इतक्या कडक शब्दांत बोलणं परिषदेत बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

"त्याची काळजीच नको," क्लेटन म्हणाला. "विमानानं चटकन येता येतं. वर शेंगदाणे देतात."

"मग कुणाची हरकत?" लोर्नाबाईंनी विचारलं. त्यांनी वाट पाहिली. कॉफी ओतली, पुन्हा वाट पाहिली. आपली हरकत कुणीतरी ओळखावी म्हणून त्यांचा चेहरा अगदी रडवेला झाला होता. "नाही ना? मग एकमतानं मंजूर."

गाड्यांपाशी डुएन बराच वेळ बर्फावर टाच घासत उभा राहिला.

"मला वाटलं तू बोलशील."

"मला वाटलं तू."

"तू रस्त्याचं काढलंस तेव्हा म्हटलं, भडकला हा."

"भडकलोच होतो."

"दिसलं ना. म्हणून गप्प बसलो. आणखी तेल कशाला ओता?"

तेवढ्यात क्लेटन धुतलेला ट्रे घेऊन आला. तो हातात घेऊन व्हर्लिननं डिकी उघडली आणि क्लेटनला बादली दिसली.

"हीच का ती? लोर्नाबाई सांगत होत्या." त्यानं कडी धरून उचलली आणि फिरवून पाहिली. "झकास आहे. तुमचा तो सामना आता राहिला नाही, तर ही आपल्या गटाची करू. आमच्याकडे याल तेव्हा घेऊन या. बाकी मी बघतो."

"नाही," व्हर्लिन म्हणाला.

डुएननं टाच घासायचं थांबवलं.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही."

आता काय कोसळतंय म्हणून व्हर्लिन वाट बघू लागला.

"बरं," क्लेटन म्हणाला आणि बादली परत ठेवली. टोपी मागे सरकवून त्यानं दोघांकडे पाहिलं. "आणि आम्ही यावं, हेही तुम्हाला नकोच होतं, असं तर नाही?"

डुएन पुन्हा टाच घासू लागला.

"अहो, मग आत म्हणायचं. आम्हाला आणखी दोन परिषदा बोलावतायत, त्याही जवळच्या. तुम्ही मंडळी इतकी आतुर दिसलात, मन मोडवेना हो मला."

"आता ठराव मोडता येईल?" डुएननं विचारलं. त्याच्या मानानं हे धाडसच होतं.

"एकमतानं मंजूर झाल्यावर? बरं नाही दिसायचं ते."

एवढं ऐकून व्हर्लिनला माणूस आपल्यातला वाटू लागला आणि नकाराची टोचणी आणखी वाढली. त्यानं काचेचा ट्रे क्लेटनच्या हातात दिला. क्लेटननं राहू द्या म्हटलं, व्हर्लिननं घ्या म्हटलं, आणि क्लेटन टेक्ससचा असल्यामुळे त्यानं दुसऱ्यांदा राहू द्या म्हटलं नाही.

घरी मेविसनं हात पुढे केला. "ट्रे?"

"टेक्ससला चाललाय."

"त्याच्या बुडाला माझं नाव आहे. चिकटपट्टीवर."

"आहे."

"म्हणजे तो परत आणायला जायला हवं."

"जायचंच आहे," व्हर्लिन म्हणाला. "शेवटच्या शनिवारी."

मग त्यानं बादली आत आणली आणि कुठे ठेवायची ते न सुचून जेवणाच्या टेबलावर ठेवली.