क्लॅरिसच्या टोपातला दिवा

बेसिलने बायकोचा टोप पळवला तेव्हा ती चर्चमध्ये होती. टोप साधासुधा नव्हता. जाड ॲल्युमिनियमचा, सणाला वीस माणसांचं मटण शिजवणारा. ती परत आली तोवर त्याच्या बुडाला भोकं पडली होती आणि बेसिल त्यातून वायरी ओवत बसला होता.

"दुकानात भांडी मिळत नव्हती काय रे?" क्लॅरिस म्हणाली.

"एवढं जाड नाही मिळत. एलईडी तापतात. त्यांची गरमी ओढून घ्यायला धातू जाड लागतो."

एरवी या गोष्टीवर आठवडाभर अबोला झाला असता. पण टोप कशापायी गेला हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती पुटपुटत आत गेली आणि भांडण तिथेच मिटलं.

दोन वर्षांपूर्वी गोराईचा एक माणूस गावच्या बचावबोटीपासून हाकेच्या अंतरावर बुडाला होता. तो हाका मारत होता, बोटीवरच्यांना ऐकू येत होतं, पण दिसत नव्हतं. बोटीत बॅटरी होती ती चुलीमागचं झुरळ शोधायला पुरेल एवढीच. मग गावाने मोठ्या दिव्यासाठी अर्ज केले. अर्ज पुढे पाठवला आहे, असं उत्तर आलं, आणि तो कुठे पुढे गेला ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. बेसिल तीस वर्षं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दिवे जोडत आला होता. रोज खाडी ओलांडून जायचं, दुसऱ्यांच्या हॉटेलांचे नि लग्नाच्या हॉलांचे दिवे जोडायचे. आपल्या गावाला एक दिवा देता येऊ नये याची त्याला लाज वाटली. शिवाय त्याचा एकुलता एक मुलगा व्हर्नन आजोबांची होडी घेऊन समुद्रावर जायचा, हेही होतंच.

टोपाच्या बुडाला आतून चार मोठ्या एलईडी चकत्या बसल्या, प्रत्येकीवर चकचकीत रिफ्लेक्टर, तोंडावर जाड काच आणि कडेने सिलिकॉन. पाण्याचा थेंब आत जाणार नाही असं त्याने ते बंद केलं. पण पाणी जात नाही तिथे हवाही खेळत नाही. दिवा तापायला लागला. बेसिलने त्यावरही तोड काढली. इस्त्रीत असतो तसला छोटा कट त्याने आत बसवला. दिवा फार तापला की आपोआप बंद, निवला की आपोआप चालू.

पहिल्यांदा लावला तेव्हा संध्याकाळ होती. जेटीवरून उजेड थेट पलीकडच्या तिवरांत घुसला आणि झोपायला बसलेले बगळे उडाले. व्हर्नन तेव्हा दूर जाळ्यांवर होता, तिथून त्याचा फोन आला. "डॅडी, इथवर दिसतोय तुझा दिवा. झकास." बेसिलची छाती फुगली. बारा मिनिटांनी दिवा विझला, आणि जरा वेळाने पुन्हा लागला.

बचावबोट चालवायचा दशरथ. मालवणकडचा, वीस वर्षं गोराईत राहिलेला, कमी बोलणारा. त्याने भुवया वर केल्या. "ह्यो आपणहून विझता काय रे?"

"तापला की कट होतो. नाहीतर चकत्या जळतील."

"आणि माणूस समोर आसताना विझलो तर?"

"अर्ध्या मिनिटात येतो परत. दिवा वाचला तर माणूस वाचणार ना?"

"तू जाण," दशरथ म्हणाला. बेसिलला जरा रागच आला. कुणी केलेल्या कामात खोट काढणं सोपं असतं, असं त्याला वाटलं.

गोराईसमोर समुद्रात जाळी बांधायला खुंट ठोकलेले आहेत. होडी उलटली की माणूस खुंटाला मिठी मारतो. पण बचावबोट त्या खुंटांत शिरू शकत नाही, जाळ्यांचे दोर पंख्यात अडकतात नि बोटच बुडायची पाळी येते. म्हणून तिथली एक जुनी रीत आहे. बोट पाण्याच्या ओढीच्या खालच्या अंगाला उभी राहते आणि कंदिलावर तीनदा गोणपाट टाकून काढते. तीनदा अंधार म्हणजे तुला पाहिलंय, हात सोड, पाण्याबरोबर ये, आम्ही खाली उभे आहोत. बेसिलचा बाप पेट्रोमॅक्सवर हेच करायचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण त्या गावची पोरं पोहण्याबरोबर हेही शिकतात. व्हर्नन आजोबांच्या होडीवर शिकला होता.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी व्हर्नन जाळी बघायला गेला. सोबत दशरथचा पुतण्या सौरभ होता. सौरभ बोरिवलीत मोबाइल दुरुस्त करायचा, त्याला पोहता येत नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी ताजी मासळी मिळते म्हणून जायचा. साडेसहाला वारा फिरला. सातला व्हर्ननचा फोन लागेना. साडेसातला दशरथने बचावबोट काढली आणि बेसिल पुढे टोपाला धरून उभा राहिला.

पाऊस आडवा येत होता. बेसिलने दिवा लावला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. सगळा उजेड पावसाच्या थेंबांवर आपटून त्याच्याच डोळ्यांत परत येत होता. दिवा एवढा मोठा, आणि दहा हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. खुंटांच्या कडेकडेने दशरथने बोट नेली. बेसिल व्हर्ननच्या नावाने ओरडत होता, वारा आवाज परत तोंडात कोंबत होता.

मग दिवा विझला. बाहेरून पाऊस टोपाला निववत होता, आतून चकत्या तापवत होत्या, त्यामुळे कट घडीघडीला पडत नि सुटत होता. दिवा लागला, पुन्हा विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. बेसिलने टोपावर दोन्ही हातांनी धपाधप मारलं आणि येतील तेवढ्या शिव्या दिल्या. पुन्हा उजेड आला तेव्हा दशरथने बोट वळवली होती.

"हय काय दिसत नाय," तो म्हणाला. "उत्तनच्या अंगाक बघूया."

सकाळी ओहोटीला दुसऱ्या एका होडीला सौरभ सापडला, एका खुंटाला पट्ट्याने बांधलेला. दवाखान्यात त्याला शुद्ध आली तेव्हा क्लॅरिस त्याच्या उशाशी होती, बेसिल पायाशी, आणि दशरथ दारात.

"काका, तुमचा लाइट दिसला ना," सौरभ बेसिलला म्हणाला, "तेव्हा व्हर्नन हसला. म्हणाला, डॅडी आला. मग लाइट तीनदा गेला. तो म्हणाला, पाहिलं आपल्याला, चल, हात सोड. मला नाही जमलं, काका. मी घाबरलो. त्याने मला पट्ट्याने बांधलं आणि स्वतः हात सोडला. म्हणाला, मी सांगतो त्यांना तू इथे आहेस म्हणून."

 बेसिलने खाटेचा दांडा धरला.

क्लॅरिसने मान वर केली. "तू पाहिलं होतंस त्याला?"

आम्ही कुणालाच पाहिलं नाही. मी दिवा विझवला नाही, तो तापला. मी कट बसवला होता. सगळं त्याच्या जिभेवर आलं. त्याने दाराकडे पाहिलं. खरं काय ते आणखी एकालाच माहीत होतं, आणि त्या एकाने नजर खाली घातली.

"हो," बेसिल म्हणाला. "पाहिलं होतं."

"मग?"

"पाण्याला ओढ फार होती."

क्लॅरिसने त्याचा हात ओढून तोंडावर धरला आणि ती रडली. आपण तिला वाचवलं की स्वतःला, हे बेसिलला कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही.

चौथ्या दिवशी उत्तनच्या खडकांत व्हर्नन सापडला. त्याला पुरल्यावर महिनाभर माणसं भेटायला येत राहिली. क्लॅरिस प्रत्येकाला सांगायची, माझा पोरगा अंधारात एकटा नाही गेला, शेवटी त्याच्या बापाने त्याला पाहिलं होतं. ती हे सांगायला लागली की बेसिल चहाचं निमित्त करून उठायचा.

एका दुपारी तो जेटीवर गेला, काच उघडली आणि पक्कडीने तो कट तोडून काढला. दशरथ शेजारी स्क्रू हातात धरून बसला होता.

"आता दिवो जळतलो," दशरथ म्हणाला.

"जळू दे."

दशरथने एक स्क्रू पुढे केला. त्याने त्या दिवसानंतर त्या रात्रीचा एक शब्द काढला नव्हता, आणि बेसिलला वाटायचं, याने एकदा तरी शिवी द्यावी. तेवढ्यात घराच्या ओट्यावरून क्लॅरिसची हाक आली. वसईहून तिचे मामा आले होते, खूप म्हातारे, त्यांना सगळं नीट ऐकायचं होतं.

"बेसिल, ये रे. तू कसं पाहिलंस ते सांग त्यांना."

बेसिलने हात पँटला पुसले आणि तो सांगायला गेला.