दौलतकाका गप्प बसायला शिकतो

आमच्या घरात कुणी गप्प बसलं की आजी आधी कपाळाला हात लावून ताप बघते. आम्ही ठाण्याजवळच्या दिवा गावचे मूळ गाववाले. आमच्याकडे 'दूध उतू गेलं' हेसुद्धा तीन घरं पलीकडे ऐकू जातं. त्यातही सर्वांत मोठा आवाज माझ्या दौलतकाकाचा. आणि सल्ले तर असे, की रिक्षात बसला तर रिक्षावाल्याला गिअर कधी टाकायचा ते सांगणार.

हा काका गेले आठ महिने जेलमध्ये आहे. का, ते सरळ सांगते. एका हळदीत डीजेवरून भांडण झालं आणि काकाने एका माणसाच्या डोक्यात खुर्ची घातली. चौदा टाके पडले. यात हसण्यासारखं काही नाही, आणि ते काकालाही कळलंय. केस चालू आहे.

दर रविवारी अकराला त्याचा फोन येतो, दहा मिनिटं. आणि दर रविवारी अकरालाच आमच्या नळाला पाणी येतं. त्यामुळे आजी फक्त "दौल्या, जेवलास क?" एवढं विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत हंडा घेऊन पळते. आईबाबा पाइप धरायला. उरलेली साडेनऊ मिनिटं माझी!

त्या रविवारी काका म्हणाला, "दक्षे, मी परत नापास झालो."

"कशात?"

मग कळलं. जेलमध्ये समुपदेशन करायला मंजुळा मॅडम येतात. कैद्यांमधल्याच काही जणांना त्या 'सोबती' म्हणून तयार करतात आणि त्यांची परीक्षाही घेतात. कुणी नवीन आलाय, रडतोय, जेवत नाही, नको ते विचार करतोय, तर सोबत्याने त्याच्याजवळ बसून ऐकायचं. फारच बिघडलं तर मॅडमना, डॉक्टरांना कळवायचं. पण सल्ला द्यायचा नाही आणि स्वतःची गोष्ट सांगायची नाही. म्हणजे काकाने श्वास घ्यायचा नाही असंच झालं की!

"पहिल्या वेळी एक जण म्हणाला, बायको फोन उचलत नाही. मी म्हटलं, सासऱ्याला लाव! नापास. दुसरा म्हणाला, झोप येत नाही. त्याला मी आपल्या ढवळ्या बैलाची गोष्ट सांगितली. अगं, झोपला ना तो! घोरायला लागला! तरी नापास. अन्याय नाय हा?"

मी हसून लोळले. काका हसला नाही.

"माझ्या शेजारच्या पथारीवर केदार आहे," तो म्हणाला. "चार दिवस नीट जेवला नाही. मॅडमना सांगितलंय, डॉक्टर पण बघून गेले. पण जवळ बसायला कुणीतरी पाहिजे ना? मी बसलो, तर एवढे सल्ले दिले, एवढे दिले, की आता माझ्याकडे पाठ करून पडतो. मंगळवारी शेवटची परीक्षा. सराव घे माझा. तू दुःख सांग, मी गप्प बसतो."

आता दुःख कुठून आणू? मी यंदा वक्तृत्वात पहिली आलेली, मला हल्ली मुख्याध्यापकांचीसुद्धा भीती वाटत नाही. तरी दिलं ठोकून. "काका, वर्गातल्या मुली माझ्याशी बोलत नाहीत."

"कोण त्या? नावं सांग! एकीचा तरी बाप माझ्या ओळखीचा..."

"चार सेकंद," मी घड्याळ बघत म्हटलं. "नापास."

"परत, परत!"

"मला गणिताची भीती वाटते."

शांतता. एक, दोन, तीन... "गणित ना? मी सातवीत असताना..."

"काका!"

"अगं, तोंडावर हात ठेवलेला मी! बोटांतून सुटलं."

पाच मिनिटं उरली. बाहेर आजी पाइपवरून शेजारच्या मालनकाकूशी भांडत होती. आणि माझ्या तोंडून न ठरवताच निघालं, "काका, मी शाळेत सांगितलंय की तू दुबईला आहेस."

काका काही बोलला नाही.

"माझ्या वर्गातल्या समृद्धीने विचारलेलं, टेंभी नाक्याच्या दहीहंडीला खालून गोविंदांना सल्ले देणारा तुझा काका यंदा कुठे गेला? मी म्हटलं, दुबई. मग ती म्हणाली, खजूर आण. मी आपल्या स्टेशनजवळून घेतले आणि तुझ्या नावाने वाटले. आता रोज नवीन थापा मारते. तू कितव्या मजल्यावर राहतोस ते पण सांगितलंय. आणि मला तुझी खरोखर आठवण येते ना, तेव्हा ती सांगताच येत नाही. दुबईतल्या काकासाठी कोण रडतं?"

फोनमध्ये चिडीचूप.

"काका? आहेस ना?"

"आहे."

एवढंच. दौलतकाका एका शब्दात थांबला! मग मी जी रडायला लागले ती वेळ संपून फोन बंद होईपर्यंत. मध्ये एकदा त्याने नाक ओढलं, बस. घड्याळ बघायचं मी विसरलेच.

आजी हंडा घेऊन आत आली. "काय झायला? दौल्या काय बोलला?"

"काहीच नाही बोलला."

आजीने हंडा दाणकन खाली ठेवला. "म्हंजे आजारी हाय!"

सोमवारी मधल्या सुट्टीत मी समृद्धीला सगळं सांगून टाकलं. जेल, खुर्ची, चौदा टाके, सगळं. तिने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"म्हणजे ते खजूर दिव्याचे होते?"

"हो."

"वाटलंच मला. डब्यावर स्टिकर होता, दिवा पूर्व." मग तिने तिच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या झाकणावर टाकली. "आणि काका कसा आहे तुझा?"

घंटा झाली तरी मी सांगतच होते.

पुढच्या रविवारी आजी "जेवलास क?" विचारून पळाली आणि काका ओरडला, "दक्षे, पास!"

"आणि केदार?"

"बसलो त्याच्याजवळ. पाऊण तास. एक शब्द नाय! जीभ दातांत धरून धरून सुजली. शेवटी तोच वळला आणि म्हणाला, दौलतभाऊ, तब्येत बरी नाही का तुमची?"

"मग?"

"मग बोलला. काय ते नाय सांगणार, ते त्याचं आहे. काल अर्धी चपाती खाल्ली त्याने. आजपण बसणार आहे मी."

मग मी त्याला समृद्धीचं सांगितलं. काका एकदम खूश. "शाब्बास! आता तू काय कर, त्या खजूरवाल्याकडे जा आणि त्याला..."

"काका."

पलीकडे खूप मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला.

"आहे," तो म्हणाला. "बोल."