भिंतीतली केबल

आईनं पलंगावर बसून भिंतीला पाठ टेकली आणि समाधानानं डोळे मिटले. "हल्ली ही भिंत कशी छान शेकते रे!"

सकाळभर रंध्याचं मशीन चालवून सुतार नुकताच चहाला आत आला होता. त्याला आधी हसू आलं, मग काहीतरी आठवून तो पुढे झाला. त्यानं भिंतीला हात लावला. चांगलीच गरम होती. मागच्या शेडकडे जाणारी केबल त्यानं याच भिंतीतून नेली होती.

मशीन बंदच होतं, तरी त्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

मशीन तीन फेजचं, घरातली लाइन एका फेजची. म्हणून त्यानं एका फेजच्या तीन करून देणारा कन्व्हर्टर आणला आणि जोडणीही स्वतःच केली. थोरली बहीण वायरिंगचीच कामं करायची, पण तिला विचारायचं त्याच्या जिवावर आलं होतं. ती लहानपणापासून आपल्या चुकाच काढते, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. आता मात्र मुकाट्यानं तिलाच फोन लावला.

तिनं येऊन केबल बाहेर ओढली. वरचं प्लास्टिक तपकिरी पडून मऊ झालं होतं.

"कुठल्या हिशेबानं घेतलीस ही?"

"मोटरच्या पाटीवर जेवढे अँपिअर आहेत, तेवढ्यांना पुरेल अशी."

"अरे, ते कन्व्हर्टरमधून बाहेर जाणाऱ्या तीन तारांचं झालं. आत येणाऱ्या दोनच, व्होल्टेजही कमी, आणि काम तर तेवढंच ओढायचं. म्हणजे इथून करंट तिपटीच्या आसपास जाणार. त्यात कन्व्हर्टर स्वतः थोडा खातो, आणि तासन्‌तास चालणाऱ्या मशीनला वर थोडी जागा ठेवावीच लागते." बोलता बोलता ती थबकली. "पण मग एवढ्या करंटला एमसीबी आपोआप कशी नाही पडली?"

सुतारानं मान खाली घातली. "सारखी पडायची. म्हणून जास्त अँपिअरची बसवली."

आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून तो वाट बघत राहिला. पण ती आईच्या पलंगाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. ती ओरडली असती तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

"एमसीबी केबलला सांभाळायला असते रे," ती एवढंच म्हणाली. "चल, आधी पलंग हलवू."

दोघांनी नवी केबल घराबाहेरून नेली. ती एवढी जाड होती की कोपऱ्यावर वळवताना बोटं दुखली. तिला साजेशी एमसीबी बसवली. कन्व्हर्टरपासून मोटरपर्यंतच्या बारीक तारा ताईनं नीट तपासल्या आणि तशाच ठेवल्या.

"ह्या बरोबर घेतल्यास."

तिच्या तोंडून 'बरोबर' ऐकताना सुताराचा चेहरा शाळकरी पोरासारखा फुलला. त्यानं रंधा सुरू केला. घरातला दिवा जरा मंदावला आणि लगेच सावरला. बराच वेळ मशीन चालल्यावर ताईनं केबलवर तळहात ठेवला आणि समाधानानं मान डोलावली.

"ताई, मला करवतीचं मशीनही घ्यायचंय. घ्यायच्या आधी त्याची पाटी तुला वाचून दाखवतो."

"नुसती वाचून नको. तारेचा हिशेब तू कर, मी बघते. चुकला तर चुकला," ती म्हणाली आणि हात पुसत आईजवळ जाऊन बसली.