कोनाड्यातली वाटी

सोलापुरात एप्रिलमध्ये भुतांनी रात्री हिंडण्यात अर्थ नसतो. रात्री सगळी गल्ली गच्चीवर जागी असते. दुपारी दोनला मात्र चिटपाखरू दिसत नाही. म्हणून सोमशेखर सरांच्या परसात जे घडलं, ते दुपारी घडलं.

सरांनी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि भूत नसतं हे दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतलं. पत्नी काशम्मा जाऊन दोन महिने झाले होते. लेक अक्षता रविवारी येऊन त्यांना पुण्याला नेणार होती. "त्या घरात आता कोण आहे तुमचं, अप्पा?" असं तिनं फोनवर विचारलं, आणि सरांनी बॅग भरून ठेवली.

सोमवारी ते परसात गेले, तर शेजारच्या सामाईक भिंतीतल्या आरपार कोनाड्यात काशम्माची पितळी वाटी. ती गेल्यापासून ही वाटी घरात सापडत नव्हती. आत शेंगाची चटणी, लसूण जरा जास्त. थेट तिचाच हात. भिंतीपलीकडे निंगव्वा राहायची, काशम्माची तीस वर्षांची मैत्रीण. पण ती पाय मोडून मैंदर्गीला लेकीकडे होती. तिच्या दाराचं कुलूप सरांनी दोनदा जाऊन ओढून पाहिलं.

चटणी त्यांनी संपवली. नमुना तपासावाच लागतो.

मग पंचाईत झाली. या घरातून वाटी कधी रिकामी परत गेली नव्हती. दोन महिने डब्यावर काढलेल्या सरांनी आयुष्यात पहिल्यांदा गॅस पेटवला आणि शिरा केला. तो करपला. तसाच वाटीत घालून कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी शिरा नव्हता. वाटीत कडक भाकरीचे तुकडे होते.

असं चार दिवस चाललं. सर रात्री भ्यायचे आणि सकाळी नीट दाढी करायचे. शुक्रवारी त्यांनी पुण्याची भरलेली बॅग रिकामी केली.

शनिवारी ते उपमा घेऊन जरा लवकर गेले. वाटी ठेवतात तोच पलीकडून गोंदलेला, सुरकुतलेला हात आत आला. सर ओरडले. पलीकडूनही कोणी ओरडलं. सरांचा आवाज मोठा होता, असं निंगव्वा अजून सांगते.

"निंगव्वा? तुम्ही तर मैंदर्गीला..."

"आठ दिस झाले की येऊन. पुढची किल्ली लेकीकडंच ऱ्हायली, मागच्या दारानं येते-जाते." तिचा आवाज उतरला. "तिच्या मातीला आले न्हाय, सर. कुठल्या तोंडानं तुमच्या दारात येऊ? वाटी तिची माज्याकडं व्हती. रिकामी कशी ठेवू?"

"आणि शिरा?"

"तिचाच वाटला. सरांना पाणी तापवता येत न्हाय, सगळ्या पेठेला ठावं हाय."

"करपलेला होता."

"तितं गेल्यावर हात बिघडला आसंल म्हटलं. खाल्ला. वाटलं, माज्यावरचा राग गेला तिचा."

म्हणजे काशम्मा आलीच नव्हती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना ती दुसऱ्यांदा गेली.

सरांनी वाटी पुढे सरकवली. "घ्या, गार होईल."

"ऱ्हाऊ द्या तितंच," निंगव्वा म्हणाली. "अन् आत जावा की. तुमी हितं उभं ऱ्हायल्यावर ती कशी येईल?"

सर आत गेले, दार लावलं. फटीतून पाहिलं नाही.

रविवारी अक्षता आली. "अप्पा, बॅग कुठंय?"

"आत्ता कसा येऊ?" सर कढई घासत म्हणाले. "वाटी आपल्याकडे आली आहे."