बेनोनीची पाटी

बाळंतिणीच्या थडग्यावरची माती अजून बसली नव्हती आणि बापानं दाराला नवी पितळी पाटी ठोकली. वर स्वतःचं नाव, खाली पोराचं: बेनोनी. थोरली मावशी तान्ह्याला खांद्यावर टाकून आली, पाटी वाचली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जुनं हिब्रू नाव आहे, तो म्हणाला, पवित्र शास्त्रातलं. राहेल वाटेतच बाळंत झाली, जीव जाता जाता तिनं मुलाचं नाव ठेवलं बेनोनी, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. आईला खाऊन आलेल्याला दुसरं काय शोभणार?

हा माणूस घराच्याच पुढच्या खोलीत दुकान थाटून नावाच्या पाट्या कोरून पोट भरायचा. जगाची नावं घासूनपुसून चकचकीत करायची आणि स्वतःच्या लेकराच्या कपाळी हे असलं! याला दुःख म्हणत नाहीत. दुबळ्यावर काढलेला सूड म्हणतात.

मावशी आजवर मेहुण्याला अहो-जाहो करायची. आज ते खुंटीला टांगलं.

"ही गोष्ट जेवताना तूच सांगायचास. माझ्या बहिणीला रंगवून रंगवून सांगितलीस. आज पुढचं का गिळलंस? राहेलच्या नवऱ्यानं काय केलं?"

तो कोरणी पुसत बसला.

"नाव बदललं त्यानं," मावशीनंच सांगितलं. "बन्यामीन ठेवलं, उजव्या हाताचा मुलगा. बायको त्याचीही मेलीच होती की."

आता काही होणार नाही, तो म्हणाला, मुद्दाम खोल कोरलंय. घासायला गेलं तर पत्रा फाटेल. मावशीनं एका हातानं स्क्रू काढले आणि पाटी उलटी केली. पाठ कोरी होती. ती त्याच्या पुढ्यात आपटून तिनं दुकानातच ठाण मांडलं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगेन, म्हणाली, यानं पोटच्या पोराचं काय कोरलंय ते.

पहिलं गिऱ्हाईक पायरी चढताना दिसलं तसं त्यानं दात-ओठ खात कोरणी उचलली.

"पण मागचं नाव मी विसरणार नाही, ताई."

"विसर कोण म्हणतंय? भिंतीला सांगत बस. पोराच्या कानावर गेलं तर गाठ माझ्याशी आहे."

पाटी तिनंच लावली, बन्यामीन बाहेर, बेनोनी भिंतीकडे. मग हातोडीनं स्क्रूच्या खाचा ठेचून सपाट केल्या, म्हणजे ते पुन्हा कुणाला फिरवता येणार नाहीत. ठोक्यांनी बाळ रडायला लागलं. बापानं हात पुढे केला नाही. केला असता तरी आज तिनं दिलं नसतं.